पुळणीच्या जमिनीवर नवं लॉन: पहिल्या ६० दिवसांचं खत

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि खाली गोव्याच्या किनाऱ्यावर पुळणीत, म्हणजे समुद्रालगतच्या वाळूत, घराभोवती लॉन लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. पहिले तीन आठवडे गवत छान दिसतं, मग पिवळं पडतं. युरिया टाकला की चार दिवस हिरवं होतं आणि परत पिवळं. म्हणून आणखी युरिया, आणि मग करपलेले डाग. खत कमी पडतं म्हणून हे होत नाही. टाकलेलं खत मुळांना सापडण्याआधीच खाली निघून जातं म्हणून होतं.

मातीचे कण आणि कुजलेला पाला अन्नद्रव्यं धरून ठेवतात. ती किती धरली जातात याचं एक मोजमाप असतं. देशावरच्या काळ्या जमिनीत ते १०० ग्रॅम मातीमागे ३० ते ६० एकक येतं, वाळूत जेमतेम १ ते ५. त्यात गवत नत्र (नायट्रोजन) घेतं ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपात, आणि नायट्रेटला तर काळी मातीही धरत नाही, ते पाण्याबरोबरच चालतं. पाण्याचंही तेच. वाळूच्या वरच्या १० सेंटिमीटरांत गवताला मिळेल असं पाणी ५ ते ८ मिलिमीटरच मावतं. नव्या गवताची मुळं तेवढ्याच खोलीत असतात. त्याहून जास्त पाणी दिलं की ते खाली जातं आणि जाताना खत घेऊन जातं. या लेखातले सगळे आकडे याच हिशेबातून आले आहेत.

मोजमापासाठी इथे गुंठा धरला आहे. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच जवळजवळ १०० चौरस मीटर. लॉन ५०० चौरस फुटांचं असेल तर सगळे आकडे निम्मे करा.

आधी जमीन ओळखा

बाटलीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवा. मिनिटभरात जवळजवळ सगळं तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर ती पुळणीची वाळू. तासाभरानंतरही पाणी गढूळच असेल तर मातीत चिकणकण आहेत आणि हा लेख तुमच्यासाठी अर्धाच लागू आहे.

दुसरी परीक्षा शिंपल्यांची. कोरड्या वाळूवर चमचाभर व्हिनेगर टाका. फेस आला तर वाळूत शिंपल्यांचा चुना आहे, म्हणजे सामू (पीएच) ८ च्या आसपास असणार. कोकणची जमीन आम्लधर्मी असते हे आपण ऐकत आलेलो असतो, आणि जांभ्याच्या तांबड्या मातीबद्दल ते खरंही आहे. पण समुद्रालगतची वाळू अनेकदा उलट वागते. अशा जागी ‘कोकण आहे’ म्हणून चुना टाकणं ही हौसेने ओढवून घेतलेली आपत्ती.

शक्य असेल तर माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत हे होतं. अहवालात सामू आणि क्षारता (ईसी) हे दोन आकडे आधी बघा. मातीची ईसी ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल, किंवा एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होत असेल, तर गवताची जात निवडतानाच तो विचार करायचा. बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी, खारेपणा बऱ्यापैकी सोसते. सीशोर पास्पालम त्याहून जास्त. नाजूक शोभेच्या जाती अशा जागी खतानेही वाचत नाहीत.

(ज्या हरळीला शेतकरी शिव्या घालत खणून काढतो, जिच्या जुड्या गणपतीला वाहतो, तीच नर्सरीतून पैसे देऊन आणायची याचं हसू येतं खरं. पण किनाऱ्यासाठी तिच्याइतकं चिवट गवत क्वचितच मिळेल.)

लागवडीची वेळ

सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर सगळ्यात सोयीचा. पावसाचा जोर ओसरलेला, जमीन गरम, विहिरीला गोडं पाणी. फेब्रुवारी-मार्चही चालतो, पाण्याची खात्री असेल तर. जून-जुलैमध्ये गवत जगतं, पण खत टिकत नाही. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी वाळूत टाकलेला युरिया गवतापर्यंत पोचायची आशा धरू नये.

लागवडीपूर्वी काय मिसळायचं

नव्या लॉनच्या खताचं निम्मं काम इथेच होतं. नंतर कितीही काटेकोर राहिलात तरी ही पायरी गाळली तर भरून निघत नाही.

गुंठ्याला २ सेंटिमीटर जाडीचा थर बसेल इतकं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट लागतं. हे होतं २ घनमीटर, म्हणजे ७० घनफूट. खतवाल्याला ‘पाऊण ब्रास’ सांगा. यातला तिसरा हिस्सा कोकोपीटचा ठेवता येतो. मात्र कोकोपीट आधी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

शेणखत मुरलेलं आहे का हे हाताने कळतं. मूठभर घेतलं तर ते गार लागायला हवं, शेणाचा वास नको, आणि ते चुरगळायला हवं. अर्धकच्च्या शेणखताबरोबर हुमणीची अंडी-अळ्या येतात आणि पुढच्या पावसाळ्यात मुळं कुरतडलेलं गवत चटईसारखं उचलून हातात येतं. दुसरा धोका लव्हाळ्याचा. त्याच्या गाठी खतातून आणि विकतच्या मातीतून येतात, आणि एकदा लॉनमध्ये बसल्या की वर्षानुवर्षं काढत बसावं लागतं. ट्रॉली रिकामी करण्यापूर्वी खत उकरून काळ्या, मण्यांसारख्या गाठी दिसतात का ते बघा.

यासोबत गुंठ्याला ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट फेका. त्यातून साधारण ४८० ग्रॅम स्फुरद (फॉस्फेट) मिळतं आणि नव्या मुळांना तेवढं पुरतं. स्फुरद जमिनीत फारसं सरकत नाही, म्हणून ते वर शिंपडून भागत नाही, मुळांच्या वाटेवर ठेवावं लागतं. सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधकही असतं, ते वाळूला हवंच असतं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) मिळत असेल तरी शिंपल्यांच्या वाळूत त्यातला काही अमोनिया हवेत जातो, म्हणून सुपर फॉस्फेट बरं. हाडांचा चुरा टाकायचा मोह आवरा. सामू ७ च्या वर तो विरघळत नाही, आणि गल्लीतली कुत्री मात्र रात्रभर लॉन उकरतात.

हे सगळं १० ते १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत नीट मिसळा. कुदळीने किंवा पॉवर वीडरने, आडवं आणि उभं.

इथे एक चूक फार होते. वाळूवर तांबड्या मातीचा तीन-चार इंचांचा थर अंथरून त्यावर गवत लावलं जातं. दिसायला ते उत्तम वाटतं. पण बारीक मातीखाली जाड वाळू आली की पाणी त्या सांध्यावर अडतं. वरचा थर चिखल होतो आणि मुळं खाली उतरतच नाहीत. मे महिन्यात तोच थर वाळून विटेसारखा होतो. तांबडी माती घालायचीच तर ती वाळूत पूर्ण कालवून घाला.

आणि लागवडीपूर्वी युरिया मुळीच नको. मुळं नसताना दिलेलं नत्र फक्त भूजलात जातं. अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य बरंचसं वाळूवरच वसलं आहे. तिथे ज्या नमुना नियमावलीवरून गावं आपले नियम बेततात, तिच्यात बी पेरण्याआधी किंवा तयार गवताचे पट्टे अंथरण्याआधी, आणि त्यानंतर ३० दिवस, खत टाकायला मनाई आहे. कोकणात वाळूतली विहीर घराच्या अंगणातच असते, तेव्हा ही काळजी आपल्याला जास्तच हवी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीच्या कठड्यापासून निदान ३ मीटरची पट्टी कायम बिनखताची ठेवा.

पहिले १४ दिवस: फक्त पाणी

कांड्या टोकल्या असतील (७ ते १० सेंटिमीटर अंतरावर, दोन पेरं मातीत आणि एक वर) तर दिवसातून तीन-चार वेळा हलकं पाणी. एका वेळेला दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला १५० ते २०० लिटर. हिशेब सोपा आहे: गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर.

तुमचा स्प्रिंकलर किती पाणी देतो हे अंदाजाने ठरवू नका. सरळ कडांचे सहा-सात डबे, दह्याचे किंवा बिस्किटांचे, लॉनवर ठिकठिकाणी ठेवा, १५ मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. एका डब्यात २ आणि दुसऱ्यात ७ मिलिमीटर आलं तर पुढे दिसणारे पिवळे-हिरवे पट्टे खताचे नसतील, नोझलचे असतील.

गवताचे तयार पट्टे अंथरले असतील तर पट्ट्यासोबत आलेल्या मातीत थोडं खत असतंच. तिथे २५ ते ३० दिवस काही टाकू नका. पट्ट्याचा कोपरा हलकेच ओढून बघा. सहज उचलला गेला तर मुळं अजून वाळूत उतरलेली नाहीत. टोकलेल्या लॉनमध्ये एखादी कांडी उपटून पेरातून पांढरी मुळं फुटली आहेत का ते बघा. मुळं नाहीत तर खतही नाही, तारीख काहीही असो.

खताचं वेळापत्रक

टोकलेल्या लॉनसाठी, एका गुंठ्याला:

• १४ वा दिवस: अमोनियम सल्फेट ५०० ग्रॅम
• २४ वा दिवस: अमोनियम सल्फेट ७५० ग्रॅम
• ३६ वा दिवस: १५:१५:१५ दाणेदार (नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १५ टक्के), सव्वा किलो
• ४८ वा दिवस: युरिया ४५० ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश ३०० ग्रॅम
• ६० वा दिवस: पुन्हा ४८ व्या दिवसाप्रमाणे

तयार पट्ट्यांचं लॉन असेल तर पहिले दोन हप्ते सोडा आणि ३० व्या दिवशी १५:१५:१५ ने सुरुवात करा.

पहिल्या हप्त्यात चौरस मीटरला १ ग्रॅम नत्र पडतं, शेवटच्यात २ ग्रॅम. काळ्या जमिनीतल्या लॉनला एका वेळी ५ ग्रॅमही देता येतात. वाळूत तेच पाच ग्रॅम तीन हप्त्यांत वाटले तर गवताच्या वाट्याला कितीतरी जास्त येतात.

सुरुवातीला युरियाऐवजी अमोनियम सल्फेट का? युरियाचा कण पाण्यात विरघळला की त्याच्यावर कसलाच विद्युतभार नसतो. अमोनियात रूपांतर व्हायला लागणाऱ्या दोन-चार दिवसांत जोराचं पाणी मिळालं तर तो सरळ खाली जातो. वरच राहिला आणि वाळू चुन्याची असली तर अमोनिया होऊन उडून जातो. अमोनियम सल्फेटमधलं नत्र आधीच अमोनियमच्या रूपात असतं. तुम्ही मिसळलेलं कंपोस्ट त्याला थोडं तरी धरतं. शिवाय त्याने सामू हळूहळू खाली येतो, शिंपल्यांच्या वाळूत तो फायदाच. दोष एकच, ते करपवतं पटकन. म्हणून मोजून.

पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यात क्लोराइड असतं आणि त्याचा खारटपणा सल्फेट ऑफ पोटॅशच्या दुपटीहून जास्त. विहीर मचूळ असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो: पानांची टोकं जळतात. विहीर गोडी असेल तर म्युरेट २५० ग्रॅम चालेल.

टाकायची पद्धत

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. ‘दोन मुठी’ हे माप नव्हे. युरियाची आणि सुपर फॉस्फेटची मूठ सारखी नसते. मोजलेलं खत चौपट-पाचपट कोरड्या वाळूत कालवा, म्हणजे ४५० ग्रॅमचा ढीग सव्वादोन ते पावणेतीन किलोचा होतो आणि हात सारखा चालतो. त्याचे दोन भाग करा. एक भाग उत्तर-दक्षिण चालत फेका, दुसरा पूर्व-पश्चिम.

पानं कोरडी असताना फेका. सकाळचं दव असेल तर दाणा पानाला चिकटतो आणि तिथेच भोक पाडतो. सकाळी नऊनंतर किंवा संध्याकाळी चारच्या सुमाराला ठीक. हातमोजे घाला.

फेकून झालं की लगेच ५ ते ६ मिलिमीटर पाणी, गुंठ्याला ६०० लिटरपर्यंत. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीतलं निम्म्याहून थोडं अधिक. पाणी कमी दिलं तर करपतं, जास्त दिलं तर खत मुळांच्या खाली जातं. पुढचे दोन दिवस पाणी एकदम न देता तुकड्यातुकड्याने द्या. आणि ढग दाटून आलेले बघून ‘पाऊस पाणी घालेल’ या भरवशावर कधीही खत फेकू नका. तो ६ मिलिमीटरवर थांबत नाही.

लॉन छोटं असेल, दोन-तीनशे फूट, तर झारी बरी. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम १९:१९:१९ विरघळवा, ५ चौरस मीटरवर शिंपा आणि मागोमाग एक झारी साधं पाणी. हे खत महाग पडतं, पण नवख्या हातून करपण्याची शक्यता कमी.

युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवून ठेवू नका, मिश्रणाला पाणी सुटून त्याचा लगदा होतो. कॅल्शियम नायट्रेट कोणत्याही सल्फेटच्या किंवा फॉस्फेटच्या खताबरोबर एका बादलीत नको. तळाशी पांढरा गाळ बसतो आणि नोझल बंद होतात.

पिवळं पडलं तर आधी पान बघा

पिवळं म्हणजे युरिया, ही सवय सोडवायला सगळ्यात कठीण.

जुनी, खालची पानं सरसकट पिवळी आणि वाढ मंद: नत्र कमी. पुढचा हप्ता दोन-तीन दिवस आधी द्या, मात्रा वाढवू नका.

नवी, वरची पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह कमी. शिंपल्यांच्या वाळूत हे हमखास होतं. वाळूत लोह असूनही जास्त सामूमुळे ते गवताला मिळत नाही. इथे युरिया दिला तर वाढ जोर धरते आणि पान आणखी पांढुरकं पडतं. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ऊन उतरल्यावर फवारा. दोन-तीन दिवसांत रंग फिरला तर निदान बरोबर होतं. फेरस सल्फेट जमिनीत टाकून अशा वाळूत उपयोग नाही, ते तिथेच अडकतं. जमिनीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) लोह घ्या. ईडीटीएचं इतक्या सामूला टिकत नाही. फवारताना फरशी आणि पायऱ्या झाका, तांबेरी डाग निघत नाहीत.

जुन्या पानांच्या कडा-टोकं तपकिरी: पालाश कमी किंवा मीठ जास्त. विहिरीच्या पाण्याची ईसी बघितल्याशिवाय पोटॅश वाढवू नका, कारण तेही एक मीठच आहे. मिठाचा संशय असेल तर हप्ता थांबवून दोनदा गोडं पाणी भरपूर द्या. वाळूचा एकमेव फायदा इथे कामाला येतो, मीठही तितक्याच चटकन धुऊन जातं.

पानांवर जांभळट छटा आणि कांड्या पसरतच नाहीत: स्फुरद कमी, बहुधा सुपर फॉस्फेट मिसळायचं राहिलं.

तळहाताएवढे करपलेले गोल डाग: खताचा ढेकूळ पडला किंवा टोपलीतून सांडलं. लगेच त्या जागी दोन-तीन बादल्या पाणी ओता. डागाभोवती गर्द हिरवी कड असेल आणि तुम्ही खत टाकलेलंच नसेल, तर कुत्र्याच्या मूत्राचा डाग. त्यातही नत्रच जास्त असतं, म्हणून उपायही तोच.

कापणी

गवत दोन इंचांवर गेलं की पहिली कापणी, साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. कापलेली पानं तिथेच राहू द्या. त्यांतलं नत्र जमिनीत परत जातं आणि वाळूत ते सोडून देण्याइतकं आपण श्रीमंत नाही. खताचा हप्ता कापणीनंतर एका दिवसाने द्या. पानं ताजी कापलेली असताना दाणा जास्त चटका देतो.

६० दिवसांनंतर आणि पावसाळ्यात

जमीन झाकली गेली की मुळंही १५-२० सेंटिमीटर खाली गेलेली असतात. मग हप्त्यांचं अंतर तीन ते चार आठवड्यांवर नेता येतं, मात्रा चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम नत्र. पाणीही दिवसाआड, पण थोडं जास्त.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर युरिया बंद. ज्यांना काही तरी द्यायचंच आहे त्यांनी गुंठ्याला ५ किलो निंबोळी पेंड जूनच्या सुरुवातीला द्यावी. नत्र थोडं, पण हळूहळू सुटणारं. गंधकाचं आवरण असलेला युरिया (३७ टक्के नत्र, १७ टक्के गंधक) मिळाला तर पावसाची उघडीप बघून ५०० ग्रॅम चालतो. पाऊस थांबला की सप्टेंबरमध्ये गवत थोडं फिकं दिसेल. एका हप्त्यात ते सावरतं.

उरलेला युरिया पोत्यात ठेवू नका. कोकणातल्या दमट हवेत तो आठवड्यात दगड होतो आणि दगड फोडून फेकलेल्या खताचेच डाग पडतात. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा, कारण तो दिसतो जाड्या मिठासारखा. गोठ्यापासून डबा लांब हवा. खत कालवलेली बादली लॉनच्या कडेला उघडी सोडून जेवायला जाऊ नका. गायीने ती चाटली तर युरियाच्या विषबाधेने ती तासाभरात आडवी होऊ शकते. काम झालं की बादली तिथेच विसळा आणि विसळलेलं पाणी लॉनवरच ओता, विहिरीच्या बाजूला नको.